धूर सरळ आहे का

खोडके मॅडम रोज सकाळी भट्टीला अगरबत्ती ओवाळायच्या. मी कामावर हजर झालो त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि आपण कुठे येऊन पडलो, असं मनात आलं. समोर लोखंडाची भलीमोठी बंद भट्टी, मागे अख्ख्या शहराच्या मैलापाण्याचे हौद, आणि ही पन्नाशीची बाई, चष्मा नाकावर घसरलेला, हातात पेटती अगरबत्ती घेऊन झाकणाभोवती वाकून वाकून फिरते आहे. बाई देवभोळ्या दिसतात, जमवून घ्यावं लागेल, असं म्हणत मी चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "चपला काऊन काढल्या, गजाननभाऊ? बूट घाला आधी. इथं खाली काय काय पडेल असते." मग अगरबत्ती माझ्यापुढे धरली. "अन् हात काय जोडून राह्यले? डोळे उघडे ठेवा. धूर सरळ आहे का, थे पाहा."

तेव्हा मला त्यातली गोम समजली. भट्टी पेटवण्याआधी आतला पंखा लावायचा. तो हवा आत ओढतो. झाकणाच्या काठाला कुठे बारीकशी जरी फट असली तरी अगरबत्तीचा धूर तिथे वाकतो आणि आत शिरतो. धूर सरळ वर गेला तर झाकण घट्ट बसलं आहे, मग पेटवायला हरकत नाही. या भट्टीत वाळलेला गाळ हवा न लागू देता तापवतात, म्हणजे तो जळत नाही. त्याचा वायू निघतो आणि मागे कोळसा उरतो. तोच वायू खाली जाळून भट्टी तापते, पुढचा गाळ वाळतो, आणि उरलेल्या वायूवर आमचे पंप चालतात. एकदा चालू झाली की ही भट्टी स्वतःचं पोट स्वतः भरते. पण फटीतून हवा आत गेली, तर त्या वायूचा भडका उडायला वेळ लागत नाही.

हे सगळं मला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि मी पक्का जुना झाल्यावरही सांगत राहिल्या. कंटाळा यायचा हो. मी मेकॅनिक माणूस, यंत्र एकदा चाललं की चाललं. मॅडमचं तसं नव्हतं. घरी निघालेल्या बाई अर्ध्या रस्त्यातून रिक्षा वळवून परत यायच्या आणि आम्ही लावलेलं कुलूप ओढून पाहायच्या. एकदा नवऱ्यासोबत हिवरा आश्रमाच्या उत्सवाला गेल्या होत्या. पंगतीत बसल्या, पानावर पुरी पडली, आणि तिथून मला फोन. "गजाननभाऊ, वायूचा कॉक बंद केला ना? हातानं फिरवून पाह्यला का नुसता डोळ्यानं?" मागून लोकांचा जयघोष ऐकू येत होता. मी म्हटलं, मॅडम, जेवा तुम्ही आता. तर म्हणाल्या, "जेवतो ना बाप्पा. तुम्ही फिरवून या, मी लाइनवर आहो."

आम्ही पाठीमागे त्यांना भेदरट मॅडम म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा मी तोंडावरच विचारलं की इतकी भीती बाळगून माणूस जगतो कसा. रागावल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "भेव असलं म्हंजे मानूस वाकून पाह्यते, गजाननभाऊ. भेव गेलं का मंग उभ्याउभ्यानंच सांगते, सगळं ठीक आहे म्हनून." त्या मूळच्या वडनेर भोलजीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. रसायनशास्त्र शिकून नोकरीला लागलेल्या. खोडके सर, म्हणजे त्यांचे यजमान, शाळेत मास्तर होते आणि स्वभावाने एकदम थंड. दोघांची जोडी देवाने विचार करून जुळवली होती.

मॅडमची एक भीती मात्र मला फारच हास्यास्पद वाटायची, आणि ती होती गाळाच्या चकत्यांची. दाबून पाणी काढलेला गाळ नीट वाळावा म्हणून साच्यातून त्याच्या गोल, पातळ चकत्या पाडल्या जायच्या आणि अंगणात उन्हात उलट्यापालट्या करून रचून ठेवल्या जायच्या. उन्हाळ्यात त्या इतक्या वाळायच्या की वासही राहायचा नाही. मॅडम त्या रचलेल्या ढिगासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "गोवरीवानीच दिसते पाहा. साचा बदलाले पाहिजे." त्यांनी तसं वर लिहिलं, तर उत्तर आलं की चकत्या चांगल्या वाळतात, उगाच साच्याचा खर्च कशाला. मग त्यांनी स्वतःच एक पाटी रंगवून घेतली: 'या गोवऱ्या नाहीत. हात लावू नये.' मी आठवडाभर हसत होतो. पाटी लावली रस्त्याकडच्या फाटकावर, कारण साहेबलोक तिकडूनच येतात. नाल्याच्या बाजूने गावातले लोक पायवाटेने येतात, तिकडे पाटी नव्हती. हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही, मॅडमच्याही नाही.

त्यांना त्या चकत्यांची इतकी धास्ती का होती, ते सांगायला हवं. आमच्या शहरात चांदीचं काम चालतं. गल्ल्यागल्ल्यांत चांदी ॲसिडने उजळतात आणि ते पाणी गटारीत सोडतात. सगळ्या धातूंचा अंश शेवटी आमच्या गाळात येऊन बसतो. मॅडम म्हणायच्या, "घाणीचं जाऊ द्या, घाण आगीत मरते. धातू मरत नाही, थो राखेत राह्यते." म्हणूनच कोळसासुद्धा तपासून झाल्याशिवाय त्या कोणाला हात लावू देत नसत. पोती कुलपात, आणि त्या कुलपालाही रोज एकदा हिसका.

त्या चैत्रात आमच्यावर आणखी एक टांगती तलवार होती. भट्टी प्रयोगाची होती. पुढच्या आठवड्यात बाहेरून समिती येणार होती, आणि भट्टी ठेवायची की मोडीत काढायची, हे ठरणार होतं. भट्टी येण्याआधी हाच गाळ टँकरने नेऊन नाल्याकाठी ओतायचे. मॅडमनी नोकरीची कितीतरी वर्षं ते थांबवण्यासाठी वरच्यांशी भांडण्यात घालवली होती. समितीच्या धाकाने त्यांचं जेवण कमी झालं होतं. डबा उघडायच्या, दोन घास घ्यायच्या आणि उठून काहीतरी तपासायला जायच्या.

शनिवार होता. सकाळी अगरबत्ती झाली, धूर सरळ निघाला, भट्टी पेटली. मॅडम अंगणात गेल्या आणि तिथेच थांबल्या. चकत्यांचा एक अख्खा ढीग जागेवर नव्हता. नेहमीचा पहारेकरी रजेवर होता, बदलीवर आलेल्या नव्या माणसाला त्यांनी बोलावलं. तो बिचारा हसतच आला. "थे होय? नाल्यापलीकडचे लोक आलते जी काल. आज मारुतीचे रोडगे आहेत म्हने. गोवऱ्या भेटून नाई राह्यल्या कुठंच. मी म्हटलं, देवाचं काम आहे, न्या."

आमच्याकडे नवस फेडायला रोडगे करतात. कणकेचे मोठे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात थेट पुरायचे, भाजले की राख झटकायची आणि तूप घालून वरण-वांग्याच्या भाजीबरोबर गावजेवण घालायचं. त्याला गोवऱ्या लागतात गाडीभर. पण आता बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि गावोगाव गोवऱ्यांची वानवा झाली. अशात कोणाला नाल्यावरून रचलेला ढीग दिसला, तर तो दुसरं काय समजणार.

मॅडमनी भिंतीला हात लावला. "गजाननभाऊ, रोडगे इस्तवातच पुरतात ना?" त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी हो म्हणालो. दोघांनीही एकदमच नाल्यापलीकडे पाहिलं. चिंचेच्या झाडांमागून धूर वर येत होता.

मी गाडी काढली. नाल्याच्या पुलावर पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात एक युक्ती आली आणि ती मला फार चांगली वाटली. म्हटलं, "मॅडम, तिथं जाऊन सांगू की वरणात पाल पडली, मी पाहिली. सगळं फेकून देतील. कोणाला काही होणार नाही अन् भट्टीचं नावही निघणार नाही."

मागे बसलेल्या मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वरण फेकतीन. रोडगे काऊन फेकतीन? रोडग्यात थोडी पडली पाल?"

"मग रोडग्यांचंही काहीतरी सांगू."

"अन् उरलेल्या चकत्या? बायांनी घरी नेल्या असतीन चुलीसाठी. उद्या त्याच्यावर भाकर होईन."

"मॅडम, समिती येऊन राहिली. हे बाहेर गेलं तर भट्टी गेली समजा. तुमचंही काही खरं नाही."

"मले मालूम आहे," एवढंच म्हणाल्या.

मारुतीच्या पारापुढे सगळी तयारी झाली होती. पुरुषमंडळी लांब काठ्यांनी रोडगे निखाऱ्यातून काढून गोणपाटावर घोळत होती. पत्रावळी मांडल्या होत्या. पहिल्या पंगतीला लेकरं बसवली होती. नवस होता तुळशीराम आबाजींचा. सुनेचं बाळंतपण अवघड होतं, ते नीट पार पडलं म्हणून. नातू मांडीवर घेऊन आबाजी पारावर बसले होते. मॅडमना ते ओळखायचे. भट्टी आली तेव्हा वासाच्या तक्रारी घेऊन तेच आले होते, आणि मॅडमनी त्यांना सगळं फिरून दाखवलं होतं.

"या मॅडम, या. पंगतीलेच आल्या, बरं झालं," आबाजी म्हणाले.

मॅडम आधी निखाऱ्यांजवळ गेल्या. वाकल्या. कडेला एक अर्धवट जळलेली चकती होती, ती काठीने ओढून उलटी केली आणि खालच्या बाजूला साच्याची रेघ पाहिली. मग लेकरांच्या पंगतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "आबाजी, कोनी काही खाऊ नका. ह्या गोवऱ्या नाहीत. हा शहराचा मैला आहे. वायवेल गाळ आहे थो आमच्या भट्टीचा. आमच्या मानसानं चुकून देला. त्याच्या राखेत जहर राह्यते."

निखाऱ्याजवळच्या एका माणसाच्या हातातून रोडगा खाली पडला.

मग जे उसळलं ते मी इथे सगळं लिहीत नाही. एक तरणा पोरगा पुढे आला आणि म्हणाला, "इतके दिवस वास घेतला तुमचा. आता खाऊ बी घालून राह्यले काय?" दोघातिघांनी काठ्या उचलल्या. मी मध्ये गेलो. मॅडम मागे सरकल्या नाहीत. आवाज कापत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या एकच विचारत होत्या, "कोनी खाल्ला काय? सांगा मले, कोनी खाल्ला तर नाही?"

"खाल्ला नाई कोनी," आबाजी म्हणाले. त्यांनी नातवाला सुनेकडे दिलं होतं. "पन मारुतीले निवद दाखवून झाला, मॅडम."

मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. मॅडमनी देवळाकडे पाहिलं, पदराने तोंड पुसलं. "मारुतीले मी सांगीन, आबाजी. त्याचं जे असन थे माह्यावर घेईन. पन लेकरांच्या पानावर हा रोडगा मी जाऊ देनार नाही."

आबाजींनी हातानेच पंगत उठवली.

पुढचे सगळे तास आम्ही राख गोळा करत होतो. फटफटीवर जाऊन मी पिंप आणि फावडी आणली. मॅडम घराघरात जाऊन उरलेल्या चकत्या मागत होत्या. काही बाया दारातूनच त्या अंगावर फेकल्यासारख्या टाकायच्या, या वेचून घ्यायच्या. भर चैत्राचं ऊन, पण कोणी पाणी विचारलं नाही, आणि आम्ही मागितलंही नाही. परत आल्यावर मॅडमनी सर्वांत आधी वरच्या साहेबांना फोन लावला आणि स्वतःहून सगळं सांगून टाकलं. साहेब काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. "हो सर, जबाबदारी माझीच," इतकंच ऐकू आलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. गावात बैठका चालू असल्याचं कानावर यायचं. आज मोर्चा येणार, उद्या दगड पडणार, भट्टी फोडणार, असं रोज कोणीतरी सांगायचं. पायवाटेवर माणूस दिसला की आम्ही हातातलं काम सोडून बघत राहायचो. मॅडम वेळेवर यायच्या, अगरबत्ती पेटवायच्या. पण एके सकाळी त्या झाकणापाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांचा हात इतका हलत होता की धूर नुसता वेडावाकडा पळत होता. फट आहे की हात हलतो आहे, कळायला मार्ग नव्हता. "गजाननभाऊ, तुम्ही धरा," त्या म्हणाल्या. "मले आज धूर सरळ दिसूनच नाही राह्यला." मी अगरबत्ती धरली. त्या माझ्या शेजारी वाकून पाहत राहिल्या.

समिती आली त्याच दिवशी गाव आलं. पुढे आबाजी, मागे दहावीस माणसं. शिपाई फाटक लावायला धावला, तर मॅडम म्हणाल्या, "उघडं राहू द्या. त्यांचा हक्क आहे." समितीचे साहेब खुर्च्यांवर अवघडून बसले. आबाजींनी टोपी सारखी केली.

"हे भट्टी बंद करू नका," आबाजी म्हणाले. माझा कानांवर विश्वास बसेना. "बंद केली का हा गाळ पुन्हा आमच्या नाल्यात येईन. आमी पाह्यला आहे थो. फक्त गोवरीचा आकार मोडा. काहीबी करा, गोल नको." मग मॅडमकडे हात करून म्हणाले, "अन् हे बाई इथंच राहू द्या. हिले भेव वाटते. त्या दिवशी काही न सांगता बसली असती त आमाले कधी समजलं नसतं. ज्याले भेवच नाई, असा मानूस आमाले या भट्टीवर नको."

आबाजींच्या तीन मागण्यांपैकी समितीने पहिल्या दोन मानल्या. भट्टी राहिली, साचा बदलला, गाळाच्या आता लांबट कांड्या पडतात. पण घडल्या प्रकाराला कोणीतरी जबाबदार दाखवायला हवं होतं, आणि मॅडमनी तर आधीच फोनवर सगळं कबूल करून ठेवलं होतं. त्यांची बदली झाली, पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात, टेबलावरच्या कामावर. मला संताप आला. अजूनही येतो. मी म्हटलं, मॅडम, त्या दिवशी पालीचं सांगितलं असतं तर आज इथे असता. त्या आवराआवर करत होत्या. "अन् झोप लागली असती काय मले?" म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या, "तसीबी कुठं लागते म्हना."

जाण्याआधी त्या एकट्याच नाल्यापलीकडे जाऊन आल्या. मारुतीपुढे काय बोलल्या ते मी विचारलं नाही. निघताना माझ्या हातात अगरबत्तीचा पुडा दिला. "साधीच आनत जा. वासाच्या अगरबत्तीचा धूर पातळ निंघते, दिसत नाही." रिक्षात बसल्या, रिक्षा फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मला वाटलं काही विसरल्या. उतरून आल्या, कोळशाच्या खोलीचं कुलूप हिसकून पाहिलं आणि मग गेल्या.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "धूर सरळ आहे का?" मी म्हणायचो, सरळ आहे मॅडम. "वाकून पाह्यला?" वाकून पाहिला. "बरं, पेटवा." कधी कामाची गर्दी असली की मी वैतागायचो. पण फोन आल्याशिवाय भट्टी पेटवायला माझाही हात धजत नसे. मध्ये केव्हातरी त्या सहज बोलून गेल्या की छातीत जरा दुखतं, चढताना दम लागतो. मी म्हटलं, दाखवून घ्या. "पाहू, सवड भेटली का." साऱ्या दुनियेची काळजी करणाऱ्या बाईने आपल्या दुखण्याची तेवढी केली नाही, याचा मला राग आहे आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका सकाळी फोन आला नाही. मी पंखा लावला, अगरबत्ती फिरवली, आणि वाट पाहत बसलो. दुपार व्हायला आली तेव्हा फोन वाजला, मॅडमचाच नंबर. मी काही ऐकण्याआधीच बोलून टाकलं, "पाहिला मॅडम, वाकून पाहिला."

पलीकडे खोडके सर होते. नेहमीच्या थंड आवाजात म्हणाले, "गजाननभाऊ, ती गेली आज पहाटे. सगळं आटोपलं आता. घरी आलो, तिचा फोन दिसला, अन् आठवलं का आज तिचं तुमाले इचाराचं राहून गेलं."

मी भट्टीच्या झाकणाला टेकून उभा होतो.

"म्हनून इचारून राह्यलो," सर म्हणाले. "धूर सरळ होता का?"